कॅलक्युलेटर कोणता घेऊ, मॅडम?

मॅडम, तुम्ही गेलात हे मला परवाच्या रविवारी कळलं. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मला रविवारी कळलं. कंपनीच्या बसमध्ये हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं, तरी ते खरं वाटत नाही. गेल्या गुरुपौर्णिमेला मी तुम्हाला नमस्कार पाठवला होता आणि तुमच्याच नंबरवरून उत्तर आलं होतं, "सुखी राहा." त्याच्या आदल्या वर्षीही आलं होतं. दर वर्षी येत होतं.

माझ्या थोरल्या लेकीला यंदा डिप्लोमाला प्रवेश मिळाला, मेकॅनिकललाच. कॉलेजनं सायंटिफिक कॅलक्युलेटर आणायला सांगितला. मोबाइलमध्ये आहे की, असं तिचं म्हणणं. परीक्षेला मोबाइल आत नेऊ देत नाहीत म्हटल्यावर ती मला एकेक दाखवत बसली, हा उन्हावर चालतो, हा आलेख काढतो, हा गणिताच्या पायऱ्याही दाखवतो. रांजणगावच्या कंपनीत मी रोज प्रेस टूलची, पत्र्याच्या साच्यांची, ड्रॉइंगं करते, पण सगळी कॉम्प्युटरवर. शिरूरच्या दुकानात काउंटरपाशी उभी राहिले तर मलाच काही सुचेना. म्हणून तुम्हाला मेसेज केला, कॅलक्युलेटर कोणता घेऊ, मॅडम? एरवी तुमचं उत्तर तासाभरात यायचं. या वेळी दिवसामागून दिवस गेले. मग एवढंच आलं, "घरी ये." मला इतका आनंद झाला की पोरीला म्हटलं, चल, माझा पहिला ज्यांनी घेऊन दिला, त्याच तुझाही निवडतील.

तो पहिला आठवतो ना? खरं तर दुसरा. पहिला माझ्या वडिलांनी, आबांनी आणला होता, शिरूरच्या बाजारातून, किराणा दुकानात असतो तसला, मोठ्या बटणांचा. बेरीज-वजाबाकीला नंबर एक, पण त्यावर साइन-कॉसचं बटणच नव्हतं. डिप्लोमाच्या तुमच्या गणिताच्या तासाला वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. शनिवारी मला दौंडच्या दुकानात नेलंत, तीन मांडायला लावलेत आणि म्हणालात, न बघता बटणं दाब, दबलेलं बोटाला कळलं पाहिजे. अपूर्णांक वहीत लिहितो तसाच दिसतो का बघ. परीक्षेला चालतो का विचार. सेल तुझ्या गावात मिळतो का, तेही बघ. सगळ्यात महागडा तुम्ही स्वतःच बाजूला सारलात. मग तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ओट्यापाशी बसून मी गणितं करते आहे, तुम्ही भाकरी थापता आहात, पिठाच्या हातानं चुकलेली पायरी दाखवता आहात. गणिताच्या प्रॅक्टिकलला मी कॉलेजच्या पाण्याच्या टाकीची उंची काढली आणि उत्तर उणे आलं. कोन अंशात द्यायचा तर माझा कॅलक्युलेटर रेडियन या दुसऱ्याच मापावर होता. मी तसंच लिहून मोकळी. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "टाकी जमिनीत गेली का गं? आकडा लिहायच्या आधी मान वर करून बघत जा." आजही कॉम्प्युटरनं दिलेलं माप मी आधी हातानं हवेत दाखवून बघते.

तर रविवारी न्हावऱ्यावरून दौंडला आलो. दार तुमच्या यजमानांनी, काकांनी उघडलं. किती वाकलेत. मी विचारलं, मॅडम आहेत ना? त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी आणलं, पोरीला कितवी झाली ते विचारलं. दहावी झाली म्हटल्यावर त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाले, "ही शाळेत बी जात नसंल, तवाच गेली ती." मला वाटलं, कुठं तरी गेला असाल. खरंच तसं वाटलं, मॅडम. मी विचारलंसुद्धा, कुठं?

पोरीनं माझा हात धरला तेव्हा कळलं. मी म्हटलं, अहो, पण मेसेज? काका खाली बघून म्हणाले, "तिचा फोन चालू ठिवला व्हता. तुझा नमस्कार आला. वाटलं, सांगितलं की थांबशील. मग तिला कोण मेसेज करणार?" आणि पुढं, "नमस्काराला उत्तर देता येतं. कॅलक्युलेटरचं मला कुठनं यावं?"

नमस्काराचं सोडा, मी तुम्हाला काय काय लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला बाळ पोटातच गेलं, तेव्हा घरात कुणापाशी बोलले नाही ते सगळं तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर आलं होतं, "पोटभर रड. मग दोन घास खा." मी रडले, मग उठून जेवले. माझ्या मॅडमनी मला उठवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते रेल्वेच्या एका रिटायर गार्डनं, काकांनी लिहिलं होतं, तुम्ही नसलेल्या घरात एकट्यानं बसून. मी त्यांच्याकडे बघितलं. राग यायला हवा होता, तोही येईना. माझं कुणी आत्ता गेलं, की केव्हाच गेलं होतं, हेच मला ठरवता येत नव्हतं.

तिथून दौंडच्या त्याच दुकानात गेलो, तर मी नुसती उभी होते. पोरीनं विचारलं, मॅडम कसा निवडायच्या? मी सांगत गेले, ती न बघता बटणं दाबत गेली. आलेखवाला परीक्षेला चालत नाही, असं दुकानदार म्हणाला. तिनं मधला एक घेतला, साधा, घट्ट झाकणाचा. चांगला आहे. घरी येईपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

हे तुमच्या नंबरवर पाठवता आलं असतं. काका वाचतील, उत्तरही देतील, म्हणूनच पाठवत नाही. आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही कशानं गेलात, हे मी विचारलं नाही. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा काका आपणहून सांगायला लागले होते, "दवाखान्यात नेली तवा," एवढंच बोलले, आणि मी पोरीला म्हटलं, चल लवकर, दुकान बंद होईल.