बोक्याचा नंबर

तारीख सोळा, मंगळवार
दुपारी, जेवणं आटोपल्यावर

चिरंजीव डॉक्टरसाहेबांना घरून आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, तुझी बायको आणि स्वयंपाकघरातला तो गळका नळ. तुझी खुशाली पत्रावरून कळली, म्हणजे काळ्या शाईतून जेवढी वाचली तेवढी. पत्रं तपासणाऱ्या तुमच्या त्या साहेबाला माझा निरोप दे. म्हणावं, बाबा रे, माझ्या नातवाने जहाजावर काय खाल्लं हे शत्रूला कळलं तर काय बिघडणार आहे? फार तर त्यालाही मळमळेल.

हे पत्र नेहमीप्रमाणे खालच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर लिहून देतो आहे. माझी अट तुला ठाऊकच आहे. मला अक्षर वाचता येत नाही, तेव्हा जो लिहायला बसेल त्याने मी बोलेन ते सगळं लिहायचं. मधलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही, माझ्या शिव्याही पुसायच्या नाहीत. कंपाउंडर गुणी आहे, निमूट लिहितो. आज जरा सर्दी झालीय त्याला, सारखं नाक ओढतो आहे.

जहाजावर डॉक्टरलाच ओकाऱ्या लागल्या, हे ऐकून मी इतकी हसले की कवळी निसटली. तू लहानपणी झोपाळ्यावरही पांढराफटक पडायचास, आणि सरकारने तुलाच बरा शोधून समुद्रावर पाठवला! अधिकाऱ्यांची जेवणाची टेबलं आता ऑपरेशनची झाली म्हणतोस. अजून जेवताही त्यांच्यावरच का? तसं असेल तर नीट पुसून घेत जा.

बाकी तू लिहिलंस ते मला कळलं. जहाजावरचे शिपाई किनाऱ्यावर लढायला उतरले की जखमींना होड्यांतून परत जहाजावर आणायचं, आणि तू दाराशी उभा राहून एकेकाच्या गळ्यात चिठ्ठी बांधायचीस. याला लगेच आत घ्या, हा थोडा थांबू शकतो, आणि तिसरी चिठ्ठी. तिसरीचं पुढे काही लिहिलं नाहीस. मी वाचून दाखवणाऱ्याला विचारलं, तिथे शाई फासलीय का? नाही म्हणे. तूच थांबलास.

आणि शेवटी लिहिलंस, टपालाची बोट आता एकदाच येईल, मग काही दिवस काहीच येणार नाही, तर आजी, तिला एक ओळ तरी लिहायला सांग.

तर ऐक. नातसून बरी आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जाते, दिवसभर या गावच्या माणसाची त्या गावच्या माणसाशी गाठ घालून देते आणि घरी आली की तोंडाला कुलूप. तुझा विषय निघाला की 'ते' म्हणते. एरवी अरे-तुरे करणारी मुलगी, रागावली की अहो-जाहो! 'आजी, त्यांचं पत्र आलंय.' मला वाटलं बँकेच्या मॅनेजरचं आलं.

कंपाउंडर हसला. हसलास काय? लिही, हसला म्हणून.

भांडण कशावरून झालं ते मला माहीत नाही, असं तुम्ही दोघं समजता. मी दारामागे मटार सोलत होते, काही बहिरी नव्हते होत. तुझी सुट्टी संपली त्या सकाळी कळलं, की बोक्याची पलटणही तुझ्याच जहाजावर चढणार आहे. बोका म्हणजे हिचा धाकटा भाऊ. हे तुला सांगायला नको, तुझा सख्खा मेव्हणा तो. पण कंपाउंडरला माहीत नसेल तर त्यालाही कळू दे. आई गेली तेव्हा तो रांगत होता, या पोरीने स्वतः परकर सावरत त्याला कडेवर वागवला. ती तुला म्हणाली, त्याला काही लागलं तर आधी त्याला घे. तू म्हणालास, ज्याचा नंबर असेल त्याला आधी घेईन. तिने दार लावलं. तू जिना उतरलास.

अरे गाढवा, हो म्हणायचं होतंस! निघताना दारात कोण खरं बोलतं? तुझे आजोबा दर खेपेला 'आठवड्यात येतो' म्हणून जायचे आणि महिना लावायचे. पण मी तो एक आठवडा तरी सुखाने झोपायचे ना. आमच्या घरात डॉक्टर झालास आणि एवढंही शिकला नाहीस.

लिहिणं थांबलंय. का गं थांबलीस?

थांबलास.

ही म्हणते, 'आजी, पुरे झालं. अक्षर माझं आहे. त्यांनी पहिल्याच ओळीत ओळखलं असेल.' आता मला काय माहीत, प्रत्येकाचं अक्षर वेगळं दिसतं ते? मला तर सगळ्यांच्या मुंग्या सारख्याच दिसतात. मी आपली दोन दिवस बेत करत होते, की कंपाउंडरचं नाव सांगून हिला लिहायला बसवायचं आणि तुला वेड्यात काढायचं. म्हणजे ही लिहिताना आणि तू वाचताना, तुम्ही दोघं मलाच हसणार. बरं, हसा. कंपाउंडर खाली धडधाकट आहे. ओढलं जाणारं ते नाक हिचं.

पण अट ती अट. पोरी, उठायचं नाही. लिही.

गेल्या आठवड्यात ही कामावरून आली ती चपला न काढता खाटेवर बसली. मी म्हटलं, कोणी काही बोललं का? म्हणाली, 'आज मी रांग मोडली.' तुमच्या त्या बंदराकडे जाणाऱ्या टेलिफोनच्या लायनी आधीच थोड्या, त्यांतही लष्कराचं काम पहिलं. उरल्यासुरल्यावर बाकीच्यांचे नंबर. एक बाई आली, नवरा आज निघणार, एकदा बोलू द्या म्हणून खिडकी धरून रडायला लागली. हिने तिला पुढे घातलं. मागे बाकावर एक म्हातारा बसला होता, टोपी मांडीवर घेऊन, सकाळपासून. नंबर त्याचा होता. त्याला मुलाशी बोलायचं होतं. बाईचं बोलणं झालं आणि लायन लष्कराने घेतली ती सुटलीच नाही. म्हातारा ओरडलाही नाही. 'असू दे बाई, उद्या येईन' म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या बंदराच्या सगळ्या लायनी लोकांसाठी बंद झाल्या. तो आला होता. त्याच बाकावर बसला होता म्हणे.

तेव्हापासून ही नीट जेवत नाही.

मी विचारलं, मग आता नवऱ्याला सांगतेस का, की तुझंच बरोबर होतं? तर म्हणाली, 'नाही. मला आता कळतंय मी काय मागितलं ते. तरी मागितलंच असतं.' हे तिचं बोलणं तिच्याच हातून लिहून घेते आहे. गोड करून लिहिलं तर मला कळणार नाही, पण देवाला कळेल, असं तिला सांगितलंय.

आता माझं ऐक. मी हिच्या बाजूची की तुझ्या, हे मला विचारूच नका. बोका माझ्याही मांडीवर झोपलेला आहे. इंजेक्शन बघून बेशुद्ध पडणारा तो, त्याला शिपाई कोणी केला देव जाणे. त्याची काळजी आहेच. पण मला जी झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. हे मी हिलाही बोलले नाही, आजच बोलते आहे. तू जहाजावर आहेस, तुझ्या जिवाचं मी देवावर सोपवलंय. पण समज, बोक्याला होडीतून आणलं, आणि त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा नंबर होता, आणि तू तो पाळलास, आणि बोका राहिला नाही. मग तू या घरी येणार नाहीस. मी तुला ओळखते. धडधाकट असशील, कुठल्या तरी लांबच्या इस्पितळात नोकरी धरशील, दर महिन्याला 'रजा मिळत नाही' म्हणून लिहिशील. आणि मी इथे ती पत्रं दुसऱ्यांकडून वाचून घेत बसेन. दोन्ही पोरं गेली ती गेली.

ही उठून आत गेली होती. नळ सोडून उभी होती, बराच वेळ. मी हाक मारली नाही. आता पदराने तोंड पुसत आली आहे आणि पेन मागते आहे. पेन तुझ्याच हातात आहे गं.

ती म्हणते, आता मी सांगायचं नाही, ती सांगेल. बरं बाई.

मी लिहिते आहे. त्याला आधी घे, असं मी म्हटलं होतं. ते मी परत घेत नाही, मला घेता येत नाही. पण ते माझं मागणं आहे, तुझ्यावर बांधलेली चिठ्ठी नाही. तू दाराशी उभा असशील तेव्हा समोरच्या माणसाकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस. आणि बोका आला नाही आणि तू आलास, तरी दार मीच उघडीन. मी ओरडेन, कदाचित मारीनही. पण तू जिना उतरायचा नाहीस.

हिने वाचून दाखवलं. माझ्या बोलण्याहून बरं आहे, म्हणून राहू देते.

बोक्याला म्हणावं, सुईला घाबरून आडवा पडू नकोस, डॉक्टरला दुसरी कामं आहेत. तू ओकाऱ्या होत असल्या तरी दोन घास खात जा. पाकीट आता ही दुपारच्या पाळीला जाताना टाकेल, बोट चुकायला नको.

तुम्हा दोघांची वाट बघत,
आम्ही दोघी