एझाना राजाचे बनावट वंशज

मी, ब्रिख्ती देस्ता, वय २६, शाळाशिक्षिका, राहणार अक्सुम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. येत्या मंगळवारी अदिस अबाबाला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, बरी होशील. तरीही मी दोनदा मसुदा केला.

१. वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा धाकटी बहीण लेताय हिला. लोहाराचा मुलगा तेस्फू याच्याशी तिचे लग्न झाल्यास त्याने अंगणात भट्टी घालावी. भाऊ हाइलोम याच्या खोलीपर्यंत घणाचा आवाज नीट पोचेल अशी जागा मी खडूने आखली आहे.

२. पुस्तके शाळेला. दिवंगत बाबांच्या बोरूच्या लेखण्या चुलीत. शाळेत जाण्याआधी त्यांनीच मला अक्षरे शिकवली आणि त्याच लेखण्यांनी खोटे लिहून घेतले. ते असे.

बैठकीत टांगलेली वंशावळ बाबांपासून थेट सोळाशे वर्षांपूर्वीच्या, अक्सुमच्या एझाना राजापर्यंत जाते. ती अकराव्या वर्षी मी लिहिली. घराण्याची नावे लिहिलेल्या जुन्या चामड्यावरून उतरवताना सहावे नाव आले: वेल्दाय, लोहार. बाबा म्हणाले, "हे नाव गाळ." मी कारण विचारले. "लिहायला बसलीयस की चौकशीला?"

आठव्या नावानंतर चामडे संपले. पुढची नावे बाबांनी संतांच्या यादीतून सांगितली, मग त्यांना डुलकी लागली. उरलेले राजपुत्र मी भरले. एकोणतिसावा, महापराक्रमी दामा, हे आमचे खेचर.

त्याच खेचराच्या जोरावर हाइलोम छाती काढून फिरतो.

३. गेल्या महिन्यात तेस्फूकडचे वडीलधारे मागणी घालायला आले. रिवाजाप्रमाणे दोन्हीकडच्या सात पिढ्या मोजायच्या. नाते निघाले तर लग्न नाही. तेस्फूच्या वडिलांनी सात नावे न अडखळता सांगितली. हाइलोमने भिंतीवरून वाचली आणि म्हणाला, "मोजता कशाला, काका? तुमचे सातही बाप ऐरण बडवत होते, तेव्हा आमचे गादीवर होते." त्यांनी कॉफी तशीच ठेवली आणि उठले. मी कोपऱ्यात बसून होते.

मी जुने चामडे पुन्हा ताडून पाहिले. आमचा वेल्दाय त्यांच्या सातांत नाही, तेव्हा नाते आड येत नाही. आड येतो तो आमचा माज.

४. राजाविषयी. एझाना आधी शिळांवर स्वतःला अजिंक्य युद्धदेवाचा पुत्र म्हणवून घेत असे. ख्रिस्ती झाल्यावर तो देव त्याने नावापुढून काढून टाकला. ज्याने खोटा बाप सोडला, त्याचे नाव लावून आम्ही खरा बाप लपवला. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभे राहतो ते वेगळेच.

५. वंशावळीची चौकट हाइलोमला. कागद काढून.

६. खरे चामडे आमचे पुजारी केशी येमाने यांच्याकडे सोपवले आहे. येत्या रविवारी तेस्फूकडचे शेवटचे विचारायला येणार आहेत. पुन्हा नकार मिळाला तर ते येणार नाहीत. हे लिहिताना ध्यानात आले की मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. म्हणजे रविवारी हे बंदच राहील, लेतायचे लग्न मोडेल, आणि मी शस्त्रक्रियेतून बचावले तर खरे कधीच बाहेर येणार नाही. आणि मला, देवाशपथ सांगते, त्यात थोडा सुटकेचा आनंदही वाटला. म्हणून हे पत्र रविवारीच, सर्वांसमोर, माझ्यादेखत वाचावे.

केशी येमाने यांनी मसुदा ऐकून मान हलवली. म्हणाले, "मंगळवारपर्यंत थांब की, पोरी. बरी होऊन आलीस तर त्याच घरात भावासमोर जेवायला बसायचंय तुला."

मी म्हटले, "म्हणूनच रविवारी वाचा, केशी. मेल्यावर खरं कोणीही बोलेल."

त्यांनी सही केली.

साक्षीदार:
केशी येमाने तेक्ले, पुजारी
म्हरेत हादुश, शेजारीण (अंगठा)

लिहून देणार: ब्रिख्ती देस्ता
अक्सुम, गिन्बोत महिना, तारीख १४, इथिओपियाचे वर्ष २०११