तांबडी खोली

मंगळवार, १२ एप्रिल २००५

आज मी, हे आन् सासूबाई शिरूरला नव्या घराचा नकाशा बघाया गेलो. इंजिनेर मॅडमनी कंप्युटरवर आख्खं घर उभं करून दाखवलं. पाळण्याची खोली तांबडी भडक. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या पत्र्याखाली माजी तान्ही पिंकी तापून निपचित पडली व्हती, दवाखान्यात नेली तवा वाचली, त्येच आठवलं. मी मोठ्यानं इचारलं, "तिथं आग लागलीय का?"

हे लाजून खाली बघाया लागले.

मॅडम म्हणल्या, "आग नाही, दुपारचं ऊन आहे. जास्त तापतं तिथं तांबडं दिसतं, गार असतं तिथं निळं. बरं झालं बोललात." आन् बटन दाबून सगळं घरच फिरवलं.

सासूबाई म्हणल्या, "आवं बाई, दमानं. देव्हारा पडंल."

मंग खिडकी उत्तरेला नेली, वर हवेला झरोके ठेवले. ह्यांनी इचारलं, खर्च वाढंल का? मॅडम म्हणल्या, "उलट पंख्याची वीज वाचेल." बघता बघता तांबडी खोली निळी झाली. मी कशी काय बोलले? भ्या वाटलं म्हणूनच की.

येताना यष्टीत सासूबाई म्हणल्या, "माजी चार पोरं पत्र्याखालीच तापली गं. मला न्हाई कवा इचारायचं सुचलं. बरं झालं, घरात भित्री सून आली."