कॉफी मागणारा आवाज

फ्लोरो,
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

प्रिय हालवार,

तुला, मारितला आणि तुझ्या चर्चमधल्या म्हाताऱ्या ऑर्गनलाही नमस्कार. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, कान शाबूत आहेत. यंदा हेरिंग मासळी उशिरा आली.

तुमच्या 'तांगब्रान' बँडची नवी रेकॉर्ड तू ऐकली असशीलच. मासळीच्या त्याच शीतगृहात केली, जिथे मी यंत्रं दुरुस्त करायचो आणि तुम्ही दोघे भाऊ चोरून वाजवायला यायचात. पहिल्या टेपवर माझ्या बिघडलेल्या कॉम्प्रेसरची घरघर आली होती आणि ब्लॅक मेटल या कर्कश रॉकच्या चाहत्यांनी तीच तुमची शैली ठरवली, आठवतं? अजून तेच आहे सगळं. गिटार करवतीसारखी, ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, आणि वर तुझ्या भावाचं, तोर्गेरचं, ओरडणं. तू चार स्वच्छ सूर मागितलेस तेव्हा तो म्हणाला होता, "स्वच्छ हवं तर चर्चमध्ये जा." तू खरंच गेलास, ऑर्गन वाजवायला. त्यावर तो अजून हसतो. म्हणजे, हसायचा.

मासिकवाले लिहितात, थडग्यातून आल्यासारखा इतका अस्सल आवाज आजवर कुणी काढला नव्हता.

गाणं संपलं की तुझा भाऊ हेडफोन काढून तुमच्या आईच्या मऊ आवाजात विचारायचा, "ओडवार, कॉफी आहे का रे?" सैतान कुठे पळाला, असं वाटायचं. या वेळी गाणं संपलं आणि कॉफीसुद्धा त्याने थडग्यातल्या आवाजातच मागितली. पोरं खिदळली. "आता घरीपण असंच का?" ड्रमवाला म्हणाला. मला हसू आलं नाही. मीच त्याला बर्गनला डॉक्टरकडे नेलं.

स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढलं तर वाचेल म्हणतात, पण आवाज जाईल. गुरुवारी ऑपरेशन ठरलंय आणि हा जायला तयार नाही. "जग ज्याची वाहवा करतंय तेच कापून टाकू?" मी रागावलो, विनवण्या केल्या, त्याच्यासमोर रडलोही. "म्हाताऱ्या, तू आपले फ्रिज बघ," म्हणाला.

काल एकटाच आला. माइक लाव म्हणाला. आई तुम्हाला झोपवताना म्हणायची ते गाणं त्याला साध्या आवाजात म्हणायचं होतं. "गाण्याखाली नंतर हालवारचा ऑर्गन घाल." पुन्हा पुन्हा सुरुवात केली. टेपवर नुसता श्वास आहे. खरखर काढणं मला येतं रे. नसलेला सूर कुठून आणू?

दारात थांबून त्याने नुसत्या श्वासात, ओठ बघूनच कळेल असं विचारलं, "मी फोन केला तर उचलेल का तो?" मी कॉफीचे कप विसळत राहिलो.

तुझं तरी तो ऐकेल की नाही, मला माहीत नाही. पण फोन वाजला आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर चुकीचा नंबर समजून ठेवू नकोस. तोच असेल, आणि बोलत असेल.

इथे कान लावून बसलेला,
तुम्हा दोघांचा,
ओडवार