चंदनाचं ताट

३ फेब्रुवारी

चंदना अंतराळ संस्थेची प्रमुख झाली त्याला वर्ष होत आलं, आणि आष्ट्याला आज जाग आली! नगरसेवक धैर्यशील सकाळीच दारात. "अण्णा, तुमच्या बहिणीचा जंगी सत्कार करायचा. ते माणसं घेऊन जाणारं यान वर गेलं की लगेच!"

म्हटलं, कर बाबा. पण दुपारी कर.

"दुपारी? आवं, मग लायटिंग कसं दिसंल?"

त्याला काय सांगू! आम्ही जैन माणसं, दिवस मावळला की आमचं ताट बंद. आणि चंदना आजवर आली ती अंधार घेऊनच आली. कधी विमान उशिरा, कधी गाडी, कधी फोन संपेना. झोपायची नि पहाटे परत. मला सत्काराचं काही नाही. एकदा उजेडात तिच्या शेजारी बसून गव्हाची गोड हुग्गी खायची, एवढीच हाव आहे.

५ फेब्रुवारी

धैर्यशील पुन्हा. "अण्णा, ताईंना सांगा की, उपग्रह आपल्या वॉर्डावरनं जरा हळू न्या म्हणावं. रेंज येत न्हाई."

ते तिच्या हातात नाही म्हटलं, तर म्हणतो, "प्रमुख हायत न्हवं?" ह्याच्या लेखी प्रमुख म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर. शिट्टी मारली की गाडी उभी!

८ फेब्रुवारी

मौलानं चौकासाठी पत्र्याचं रॉकेट केलंय. त्याचं वेल्डिंगचं दुकान, आमची शाळेपासूनची दोस्ती. रॉकेट मंदिराकडं चांगलं हातभर कललंय. मी बोट दाखवलं तर मलाच शिकवतो — "गड्या, टीव्हीवर बघितलं न्हाईस व्हय? वर जाताना ते वाकडंच जातंय!"

घरी येऊन बघितलं. खरंच वाकडं जातं की!

१० फेब्रुवारी

चंदनाचा फोन. सत्कार दुपारी ठरला (धैर्यशील रुसलाय). "अण्णा, ह्या वेळी उजेडात येते. हुग्गी कर म्हणावं वहिनीला." गुणमालानं लगेच गहू भिजवले. अगं, बहीण परवा येणार नाही, यान परवा जाणार! "असू दे की, आज आपण खाऊ." हे मात्र पटलं.

खाताना आठवलं. चंदना आठ-नऊ वर्षांची, श्रावणातली संध्याकाळ, आभाळ गच्च. ताटात हुग्गी. तिनं दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. "अण्णा, दिवस मावळला का न्हाई कळंना. शंका आली." मी म्हटलं, खा गं, आहे अजून. ऐकेना! आणि जरा वेळानं ढग फाटून लख्ख ऊन पडलं की हो अंगणात! सगळे हसलो तिला. तरी ताटाला शिवली नाही. एकदा सारलं म्हणजे सारलं.

पुढं स्कॉलरशिपवर सांगलीला गेली, तिथनं बेंगळुरूला. इंजिनात काय जळतं नि कसं, ह्यात सारी उमर घातली. मी सातवीतनं दुकानात बसलेला माणूस. तिचे छापून आलेले लेख डिक्शनरी घेऊन वाचतो. निम्मं कळतं. उरलेलं निम्मं मौलाला समजावून सांगतो!

१२ फेब्रुवारी

चौकात मोठा पडदा. अख्खं आष्टं गोळा. यानात तीन पोरं बसलेली, हात हलवत होती. आकडे उलटे सुरू झाले. गुणमालानं माझा दंड धरला. धैर्यशीलनं फटाक्याची माळ धरली.

आणि थांबलं. चंदनानं थांबवलं.

धैर्यशीलची माळ मात्र पेटली होती. शेवटच्या फटाक्यापर्यंत वाजली.

१३ फेब्रुवारी

टीव्हीवर नुसता दंगा. एवढा खर्च, पाहुणे आलेले, जगात हसं! सगळी यंत्रं ठीक दाखवत होती म्हणे. मग का थांबवलं? पत्रकारांनी घेरलं तर ती एवढंच म्हणाली — "मला शंका आली."

मी खुर्चीतनं उठलोच. गुणमाला म्हणाली, "आवं, काय झालं?" म्हटलं, काही नाही. तिनं ताट सारलंय.

१४ फेब्रुवारी

धैर्यशीलनं बॅनर उतरवला. "जरा वातावरण निवळू द्या अण्णा." पत्र्याचं रॉकेटही काढायला माणसं पाठवली. मौला आडवा उभा राहिला. "हात लावून बघा कोण लावतंय! तिनं तीन पोरं खाली उतरवली. तुमाला फटाकं फुकट गेल्याचं दुःख हाय व्हय रं?"

रॉकेट आहे तिथंच आहे. आणखी जरा कललं.

२० फेब्रुवारी

चंदना फोन उचलत नाही. गुणमाला रोज गहू भिजवते. हुग्गी आम्ही दोघंच खातो.

२ मार्च

चार वाजता रिक्षा थांबली. चंदना! एक बॅग. बरोबर कोणी नाही.

यान उघडून सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. तिनं राजीनामा दिला.

म्हटलं, काहीच नव्हतं का गं?

"तवा तरी कुठं दिवस मावळला होता, अण्णा?" म्हणाली, आणि पाय धुऊन पाटावर बसली. "वाढ की वहिनी. आता रोज उजेडातच जेवायचं हाय."

तीनदा हुग्गी घेतली तिनं. ऊन पार ताटापर्यंत आलं होतं.