तू भरलेली बाटली

रोहिणखेड,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नागसेनभाऊ,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझी तब्येत कशी आहे, जेवण जातं का, ते कळव. आईनं तुझ्यासाठी स्वेटर पाठवलं होतं, ते जेलात आत घेऊ दिलं की नाही, काही कळलं नाही. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. कापसाची पहिली वेचणी झाली. बाबांचा गुडघा धरला होता, म्हणून बाया सांगून वेचून घेतला. तुझी मोटरसायकल अजून ठाण्यातच उभी आहे.

चिमी घरी आली. आवाज आला की तिकडे बघते, मान मात्र अजून धरत नाही. डॉक्टर म्हणतात, झटक्यांनी मेंदूला किती मार बसला ते ती वाढेल तसं कळेल. माझ्या छातीचं गळू भरून आलं, पण दूध आटलं, म्हणून पावडरचंच चालू आहे. ते मीच बनवते. बाटली उकळून घेते. पाणी खळखळ उकळलं की जरासं थांबते, आणि ते चांगलं गरम असतानाच आधी पाणी मोजून घेते, मग पावडर, चमचा सुरीनं सपाट करून. नंतर बाटली गार पाण्यात धरायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. उरलं ते ओतून द्यायचं. गळू कापून मला दवाखान्यातून सोडलं, तेव्हाच नर्सताईंनी हे सगळं तुझ्यासमोर दाखवलं होतं. आता चमचे मोजताना आई मला कोणाशी बोलू देत नाही.

बरं, मुद्द्यावर येते. नाहीतर पान असंच भरून जाईल.

तुझे वकील परवा घरी आले होते. म्हणाले, समतानं कोर्टात एवढंच सांगावं की प्रज्वल स्वतः घरी आला, त्यानंच तो फोटो दाखवला आणि असं दूध पाजा म्हणून सांगितलं. मग भावाचं डोकं का फिरलं ते साहेबांना समजेल. आई माझ्या पायाशी बसली. "एवढं बोल बाई. एकच पोरगा हाये मले." मी वकिलांना विचारलं, "हे तुम्ही सुचवलं की भावानं?" ते चष्मा पुसत राहिले.

भाऊ, प्रज्वल आपल्या घरी आला नव्हता. फोटो तुझ्या मोबाइलवर आला होता, गावाच्या ग्रुपवरून. प्रज्वलचा तो नाद तुलाही माहीत होता. मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो असले फोटो बनवत बसायचा. मोठा क्रिकेटवाला आपल्या बाजारात मेथीच्या जुड्या विकतोय, कोणी हिरो उत्तमरावाच्या ट्रॅक्टरवर बसलाय. तूच ते मला दाखवून पोट धरून हसला होतास. हाही त्यातलाच. डॉक्टरचा कोट घातलेली ती हिरोईन, मांडीवर पोर, पोराच्या दंडाला पैलवानाचे गोळे. वर लिहिलेलं, 'थंडगार पाणी, दुप्पट पावडर, पोरगं होते दारासिंग.' खाली त्यानं 'गंमत आहे, कोणी करू नका' असं टाकलं होतं म्हणे. ती ओळ कोणीतरी कापून फोटो पुढे पाठवला. तुझ्याकडे कापलेलाच आला, हे मी मानते.

आणि हेही मानते, की तू ते जीव लावून केलंस. गल्लीतल्या बाया चिमीला बघून "वाळली वं पोरगी" म्हणायच्या, ते तुझ्या जिव्हारी लागायचं.

मला गळूचा ताप होता. खाटेवरून दिसलं, तू मोबाइल फळीला टेकवून ठेवला होतास आणि माठातल्या पाण्यात पावडरचे चमचे शिगोशीग टाकत होतास. मी म्हटलं, "भाऊ, नर्सताईनं असं नाही सांगतलं."

"तुले लई समजते! एवढी मोठी हिरोईन, ते का सोताच्या लेकराले खोटं पाजन?"

"ओतून दे ते. मी बनवते."

"हाव, हाव. देतो ओतून. झोप तू."

मी झोपले. उठले तेव्हा बाटली रिकामी होती आणि तळाला बासुंदीसारखा थर होता. तू म्हणालास, मोरीत ओतलं. पुढेही माझा डोळा लागला की तू ते करत राहिलास, हे मला मागून कळलं. चिमी तहानेनं रडायची आणि तू तिला पुन्हा तेच पाजायचास.

मग ती काठीसारखी ताठ झाली. डोळे वर गेले, तोंडातून फेस आला. रिक्षात बुलडाण्यापर्यंत तिला मांडीवर धरून मी तिचं नाव ओरडत होते. डॉक्टरांनी विचारलं, "रक्तात मीठ एवढं चढलं कसं? दूध कोण बनवतं?" आई पुढे झाली. "म्या बनवलं साहेब." तू जमिनीकडे बघत होतास. भाऊ, तेव्हा तू नुसतं "मी" म्हणाला असतास, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आईनं मोबाइल दाखवला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा फोटो खोटा आहे. कोणीतरी चेष्टा केली आहे." तुझ्या मानेची शीर तटतटलेली मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी बाळाचे कपडे आणायचे म्हणून तू मला गाडीवर घेऊन निघालास. घराकडे वळायच्या ऐवजी गाडी प्रज्वलच्या दुकानासमोर थांबली. बाजाराचा दिवस होता.

तू त्याला कॉलर धरून काउंटरवरून बाहेर ओढलंस. काच फुटली, त्याचा गाल फाटला. "नागसेन, ते गंमत होती बे! खाली लिहिलं होतं!" तू शटर ओढायचा लोखंडी गज उचललास. त्याच्या उजव्या हातावर मारलंस. हाड मोडल्याचा आवाज मी गाडीजवळून ऐकला. तो आडवा पडला, तरी तू त्याची बोटं बुटाखाली चेंगरलीस. "याच हातानं बनवला ना फोटो? याच हातानं?" त्याची आई तानाबाई धावत आली आणि त्याच्या अंगावर पडली. तू तिला केसाला धरून बाजूला फेकलंस. तिचं डोकं पायरीवर आपटलं. बाजारातले लोक भाजीच्या पिशव्या घेऊन उभे होते. एकही पुढे आला नाही.

मी तुझा हात धरला. तू कोपर मारलंस, माझे गळूचे टाके उसवले, ब्लाऊज रक्तानं भिजला. तेव्हा मी ओरडले. ते वकिलांना माहीत नाही. आईलाही मी सांगितलेलं नाही.

मी ओरडले, "भाऊ, बाटली तू भरली! त्यानं नाही, तू भरली!"

तू ऐकलंस. गज वर धरलेला होता, तू वळून माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. मला वाटलं, संपलं, आता हा बसेल, रडेल. तू बराच वेळ बघितलंस माझ्याकडे. मग वळलास आणि पडलेल्या माणसाच्या तोंडावर गज घातलास. त्याचा डोळा त्या घावानं गेला.

डोकं फिरलं होतं, असं सगळे म्हणतात. त्याआधीचं सगळं मी तसं मानीनही. पण तो घाव तू समजून मारलास. मी खरं बोलले म्हणून मारलास. त्याच्या जागी मला मारता येत नव्हतं, आणि स्वतःलाही नाही.

मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडे जाऊन आले. तानाबाई दारात आडवी झाली. "आता काऊन आली वं? दुसरा डोळा राह्यला म्हणून?" मी तिथंच उभी राहिले. आतून प्रज्वलनं आवाज दिला, "येऊ दे तिले, माय." त्याच्या हाताची बोटं वळत नाहीत. दुकान बंद आहे. त्यानं पहिलं विचारलं, "पोरगी कशी हाये?" मग म्हणाला, "म्या कशाले बनवला वं तो फोटो," आणि राहिलेल्या डोळ्यानं रडायला लागला. मला त्याची समजूत काढता आली नाही. त्याचीही चूक आहेच, लहान नाही. पण ती गज घालून फेडायची नव्हती.

चिमीचे बाबा जालन्याहून येऊन गेले. मला लगेच चल म्हणत होते. मी म्हटलं, कोर्टात बोलून झाल्यावर येते.

होय भाऊ, मी बोलणार आहे. वकील सांगतात ते नाही. फोटो कसा आला, बाटली कोणी भरली, आणि मी ओरडल्यानंतर तू काय केलंस, ते सगळं. आईनं अंगावर घेतलेला आळ मी तिच्यावर राहू देणार नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. काल तिनं माझं ताट वाढलं नाही, मी हातानं घेतलं. बाबा मात्र रात्री म्हणाले, "खरं ते बोल." एवढंच म्हणून कुशीवर वळले.

मी शाळेत पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन देऊळघाटच्या डॉक्टरकडे पळत नेणारा भाऊ तूच होतास. मी ते विसरले नाही, म्हणून आधी तुला लिहिते आहे. माझं बोलणं तू कोर्टात पहिल्यांदा ऐकू नयेस. माझ्याआधी तू स्वतः उभा राहून बोललास तर मी कोपऱ्यात बसून नुसती ऐकेन. ती एक वाट तुझ्यासाठी उघडी आहे. तू ती घेतली नाहीस, तर मी उभी राहीन, आणि तुझ्याकडे बघूनच बोलेन.

शिक्षा किती होईल ते मला माहीत नाही. जेवढी होईल तेवढे दिवस भेटायला येत राहीन. चिमीला मात्र आणणार नाही.

जेवत जा. थंडीत डोकं झाकून झोप.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी, तुझी सख्खी बहीण,
समता