पाहुण्यांसाठी दोन गिझर

मंगळवार, ९ डिसेंबर

आज दादाने मागच्या बाथरूममध्ये दोन गिझर एकाला एक जोडून घेतले. पहिल्याचं गरम पाणी दुसऱ्यात जाणार, म्हणजे कमी पडणार नाही. मिस्त्रीचं काम दोन तासांत संपलं. दोन तासांत!

"परवा आईची तेरवी. पाहुणे थंड्या पाण्यानं आंघोळ करतील का गा?" दादा म्हणाला.

मागच्या हिवाळ्यात आई याच बाथरूमसाठी एक गिझर मागत होती. तेव्हा हाच म्हणाला होता, "वायरिंग जुनी आहे, लोड नाही घेत." मग आज दोन-दोन कसे चालले? डोकं फिरलंय नुसतं. पण मी आजही काही बोललो नाही. तेव्हाही नव्हतो बोललो. आई शेगडीवरचं उकळतं पातेलं दोन्ही हातांनी उचलून न्यायची, आणि मी सरकून तिला वाट करून द्यायचो.